गुरूच्या चंद्राला उशीर का झाला? (गच्चीवरचे ८५ दिवस)

गच्चीवाला · १२ जानेवारी २०२६, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, आणि तोही ज्या विषयात मी साफ ढ आहे त्यात.

आमच्या डोंबिवलीच्या गच्चीवरून आठवडाभर पूर्वेला एक ठसठशीत, पिवळसर तारा दिसतोय. लुकलुकत अजिबात नाही. मोबाइल म्हणाला, गुरू. वडिलांची जुनी १० बाय ५० ची द्विनेत्री माळ्यावरून काढली, टाकीच्या कठड्यावर कोपरं टेकली आणि पाहिलं, तर गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक टिंबं! शनिवारी चार दिसली, काल तीन, आजही तीनच पण जागा बदललेल्या. बायको म्हणाली काच पुसा. पुसली. टिंबं तशीच.

तर शंका अशा. हे त्याचे चंद्र असतील तर चौथा कुठं जातो? आपल्या चंद्राला पृथ्वीभोवती फिरायला महिना लागतो, मग हे एका रात्रीत जागा कसे बदलतात? आणि तिसरी जरा आगाऊ शंका: गुरूकडून उजेड पोचायला वेळ लागतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हे घरबसल्या कुणी तपासू शकतं, की पुस्तकात आहे म्हणून मान हलवायची?

---

रसिका_नाशिक · १२ जानेवारी, रात्री ११:४८

चंद्रच आहेत. आतून बाहेर आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. हरवलेला चौथा बहुतेक आयो असणार. तो गुरूला इतका चिकटून असतो की द्विनेत्रीत गुरूच्या झगमगाटात बुडतो. कधी गुरूच्या मागे असतो, कधी पुढे, कधी सावलीत.

कोपरं टेकून भागणार नाही, हात थरथरतोच. कॅमेऱ्याचा स्टँड असेल तर त्यावर द्विनेत्री चक्क दोरीनं बांधा. दिसायला गबाळं, पण फरक जमीनअस्मानाचा.

अवांतर: गॅलिलिओला ७ जानेवारी १६१० ला तीनच दिसले होते, चौथा १३ तारखेला सापडला. तुम्ही त्याच आठवड्यात, ४१६ वर्षांनी. काचही त्याच्यापेक्षा चांगली आहे तुमची.

---

भौतिकमास्तर · १३ जानेवारी, सकाळी ६:३५

दुसरी शंका फार चांगली आहे, तिच्यावर दोन मिनिटं थांबू या.

आपला चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किमी. आयो गुरूपासून ४,२१,७०० किमी. म्हणजे अंतर जवळजवळ तेच, आयोचं थोडं जास्तच. चंद्राला फेरीला २७.३ दिवस, आयोला १.७७ दिवस. दोरी तेवढीच, गोफण मात्र पंधरा पट जोरात फिरतेय. का? कारण मधे बसलेला ओढणारा जास्त वजनदार आहे. चंद्र असो की आयो, दोघंही सतत मधल्या ग्रहाकडे पडतच असतात, फक्त आडवा वेग इतका की पडता पडता ग्रहाला वळसा पडतो. ओढ जास्त असेल तर वळसा टिकवायला वेगही जास्त हवा.

किती वजनदार, तेही काढता येतं. केपलरचा तिसरा नियम न्यूटनने सुधारून दिलाय: अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग, हे मधल्या वस्तूच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असतं. काळाचं गुणोत्तर १५.४४, त्याचा वर्ग साधारण २३८. अंतराचं गुणोत्तर १.०९७, त्याचा घन १.३२. गुणाकार ३१५. गुरू पृथ्वीच्या ३१५ पट! पुस्तकात ३१८ सापडेल. उरलेले तीन कुठं गेले? आपला चंद्र पृथ्वीच्या मानानं चांगलाच जड आहे, एक्क्याऐंशीवा भाग, आणि तो हिशेबात धरायचा राहिला. तो धरा, ३१८ च्या वर जाल.

वर्गात हे गणित मी तीस वर्षं फळ्यावर केलं. दर वेळी एक तरी पोर विचारायचं, "सर, गुरूला हात न लावता?" त्या प्रश्नासाठीच करायचो.

---

खिडकीतली_मनी · १३ जानेवारी, सकाळी ९:१०

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

पंचांगवाले_काका · १३ जानेवारी, दुपारी १:०५

छान धागा. सध्या गुरू मिथुनेत वक्री आहे, ११ मार्चला मार्गी होईल. वक्री ग्रह बलवान मानतात, म्हणून इतका तेजस्वी दिसतोय.

---

उगाच_काहीतरी · १३ जानेवारी, दुपारी १:१२

आले, काका आले! आता कुणाच्या लग्नाला उशीर होणार तेही सांगून टाका.

---

भौतिकमास्तर · १३ जानेवारी, दुपारी ४:२०

उगाच, जरा दमानं. फलिताशी माझंही देणंघेणं नाही, पण काकांच्या वाक्यात निरीक्षण पक्कं आहे.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी धावते, गुरू १३. आतल्या रुळावरची आपली फास्ट लोकल बाहेरच्या स्लोला मागं टाकते तेव्हा स्लो उलटी सरकल्यासारखी वाटते, तसा गुरू काही महिने नक्षत्रांत मागं सरकताना दिसतो. हेच वक्री. आणि ओलांडण्याच्या बरोबर मध्यावर सूर्य, पृथ्वी, गुरू एका रेषेत येतात, म्हणजे प्रतियुती. यंदा ती १० जानेवारीला झाली. तेव्हा गुरू सर्वांत जवळ, म्हणून सर्वांत तेजस्वी. वक्री आणि तेजस्वी ही जोडी जुन्या लोकांनी डोळ्यांनीच पकडली होती. पुढे तिच्यावर काय इमले चढवले तो वेगळा विषय, त्याला वेगळा धागा काढा. इथे नको.

---

दुर्बीणबहाद्दर · १३ जानेवारी, रात्री १०:३०

धागाकर्त्याच्या तिसऱ्या शंकेसाठी लॉगिन केलं. उत्तर: होय, तपासता येतं, आणि सगळ्यात पहिल्यांदा ते तुमच्या त्या हरवलेल्या चौथ्या टिंबावरूनच कळलं.

सतराव्या शतकात दर्यावर्दींचं मोठं दुखणं रेखांशाचं होतं. अक्षांश ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून मिळतो, रेखांशाला मात्र दोन ठिकाणांची वेळ एकमेकांशी ताडून बघावी लागते, आणि समुद्रावर चालेल असं घड्याळ तेव्हा नव्हतं. गॅलिलिओला सुचलं की गुरूचे चंद्र हेच आकाशातलं घड्याळ. आयो दर साडेबेचाळीस तासांनी गुरूच्या सावलीत शिरतो, त्याचं ग्रहण जगात सगळीकडून एकाच क्षणी दिसतं. वेळापत्रक छापलं की झालं. हलत्या जहाजावरून दुर्बीण स्थिर धरणं कुणाला जमलं नाही, पण जमिनीवर ही युक्ती झकास चालली. पॅरिसच्या वेधशाळेत कॅसिनी असली कोष्टकं बनवत होता. ओले रोमर हा डेन्मार्कचा तरुण तिथं मदतनीस. १६७१ मध्ये टायको ब्राहेच्या जुन्या वेधशाळेचा पॅरिसपासूनचा रेखांश काढायला पिकार हा फ्रेंच खगोलज्ञ ह्वेन बेटावर गेला, तेव्हा तिथे त्याच्याबरोबर आयोची ग्रहणं मोजणारा हाच.

कोष्टक आणि आकाश जुळेना. पृथ्वी गुरूपासून लांब जात असेल त्या महिन्यांत ग्रहणं उशिरा, जवळ येत असेल तेव्हा लवकर. कोष्टकात चूक असती तर ती अशी पृथ्वीच्या तालावर नाचली नसती. रोमरचं म्हणणं: आयो वेळेवरच आहे, बातमी पोचायला वेळ लागतोय. ९ नोव्हेंबर १६७६ चं आयोचं बाहेर येणं दहा मिनिटं उशिरा होईल असं आधीच सांगितलं गेलं होतं, आणि ते तसंच झालं. त्याच्या हिशेबाने पृथ्वीच्या कक्षेचा पूर्ण व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात. आजचा आकडा साधारण १६ मिनिटं ४० सेकंद.

कॅसिनीला हे शेवटपर्यंत पचलं नाही. त्याचा आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता: प्रकाशामुळेच उशीर होत असेल तर तो बाकीच्या तीन चंद्रांतही दिसायला हवा, तो का दिसत नाही? खरी गोष्ट अशी की त्या तिघांची कोष्टकंच इतकी कच्ची होती की दहा मिनिटं त्यात कुठल्या कुठं बुडून जात.

आता करायचं काय ते. द्विनेत्रीवर भागणार नाही, चार ते सहा इंची दुर्बीण हवी. प्रतियुतीनंतर आयो सावलीतून बाहेर पडताना दिसतो (आत शिरतो तेव्हा गुरूच्या आड असतो). अंधारातून टिंब उगवतं, तो क्षण नोंदवा. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा नोंदवा. मधल्या फेऱ्या मोजा. अपेक्षित वेळेपेक्षा किती उशीर झाला बघा.

---

शंकासुर · १४ जानेवारी, सकाळी ८:०२

एक समजलं नाही. साडेबेचाळीस तासांत पृथ्वी लांब जाऊन जाऊन किती जाणार? ३० किमी वेगानं पंचेचाळीस लाख किमी. प्रकाशाला ते अंतर पंधरा सेकंदांचं. सतराव्या शतकातल्या घड्याळात पंधरा सेकंद कोण पकडणार?

---

भौतिकमास्तर · १४ जानेवारी, सकाळी ११:४५

एका फेरीत कुणीच नाही. साठत जातं म्हणून पकडता येतं.

असं धरा, तुम्ही माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघालात. आळंदीहून रोज पहाटे सहाला एक सायकलवाला घरचा निरोप घेऊन तुमच्या मागं निघतो, वेळेचा पक्का. पहिल्या दिवशी तो पुण्यात गाठतो, मग सासवडला, मग जेजुरीला. तो निघतो रोज सहालाच, तुम्हाला मात्र रोज कालच्यापेक्षा उशिरा भेटतो, कारण मधे तुम्ही एक मुक्काम पुढं गेलात. वाखरीला पोचेपर्यंत तो निघाला त्या दिवशी तुम्हाला भेटेल की नाही याचीच शंका. मागचा सगळा उशीर जोडून बघा आणि रस्त्याच्या लांबीला त्यानं भागा, सायकलचा वेग मिळाला. आयो म्हणजे आळंदी, आणि आपण वारीत.

परतवारीला उलटं. रोज लवकर भेटेल.

---

शंकासुर · १४ जानेवारी, दुपारी १२:३०

__/\__ मास्तर. समजलं. शाळेत असताना तुम्ही का नव्हता?

---

तारामती · १४ जानेवारी, रात्री ९:१५

मग आत्ता दिसणारा गुरू आत्ताचा नाहीच की! प्रतियुतीला अंतर ६३ कोटी ३० लाख किमी होतं, म्हणजे ३५ मिनिटांपूर्वीचा गुरू.

आणि त्याच्या शेजारी बघा, पुनर्वसूचे दोन तारे आहेत, कॅस्टर आणि पोलक्स. पोलक्सचा उजेड ३४ वर्षांपूर्वी निघालेला, कॅस्टरचा सुमारे ५१. एकाच नक्षत्राची जोडगोळी म्हणून आपण बघतो, पण एक आहे १९९२ चा आणि दुसरा आणीबाणीच्या काळातला. आकाशाकडे बघणं म्हणजे जुना अल्बम उघडणं, आणि त्यातले फोटोही वेगवेगळ्या सालचे.

---

उगाच_काहीतरी · १४ जानेवारी, रात्री ९:२२

म्हणजे व्याधावरून कुणी आत्ता आपल्याकडे बघत असेल तर त्यांना साडेआठ वर्षांपूर्वीचा मी दिसतो. केस असलेला.

---

गच्चीवाला · २९ जानेवारी, रात्री ११:५०

मंडळी, कामाला लागलोय. ऑफिसातल्या एका मित्राची सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण मिळाली, ती लिफ्टमध्ये मावत नाही हे चौथ्या मजल्यावर कळलं. या आठवड्यात आयोचं बाहेर येणं नोंदवलं.

एक सांगतो, "टिंब उगवतं" हे वाक्य फसवं आहे. गुरूच्या कडेला इतक्या जवळ ते येतं की पाच मिनिटं डोळे ताणल्यावर सगळीकडे टिंबंच दिसायला लागतात. खरं आलं तेव्हा मात्र शंका राहिली नाही. आधी धुळीच्या कणासारखं, मग तीन-चार मिनिटांत पूर्ण चमकदार. मी कोणती वेळ धरायची?

---

दुर्बीणबहाद्दर · ३० जानेवारी, सकाळी ७:१५

पहिल्या कणाची. आयोचा व्यास ३,६४० किमी, तो सेकंदाला सतराएक किमीने पळतो, त्यामुळे पूर्ण बाहेर यायला साडेतीन मिनिटं घेणारच. दुसऱ्या वेळीही हीच दुर्बीण, हीच भिंगं, हेच डोळे ठेवा. तरी मिनिटभर इकडेतिकडे धराच.

---

रसिका_नाशिक · ८ मार्च, रात्री १०:०५

धागा वर काढतेय. मीही करायला घेतलं होतं, पण शेजारच्या लॉन्सवर लग्नसराई. आकाशात फिरणारे ते लेझर ज्याने शोधले त्याला आयोवर पाठवा. तिथं चारशेच्या वर ज्वालामुखी आहेत. (हे खरंच आहे. गुरू, युरोपा आणि गॅनिमीडच्या रस्सीखेचीत आयोचं पोट सतत दाबलं जातं, ताणलं जातं आणि तापतं. गॅनिमीडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन, आयोच्या चार, त्यामुळे ओढ ठरल्या जागी पुन्हा पुन्हा बसते. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ च्या छायाचित्रांत धुराचा फवारा सापडला.)

---

गच्चीवाला · २५ एप्रिल, रात्री १२:४०

झालं! आणि गोंधळही झाला. मदत करा.

दुसरी नोंद या आठवड्यात मिळाली. दोन नोंदींमधलं अंतर ८४ दिवस, २३ तास, २ मिनिटं. मधे ४८ फेऱ्या. नेटवर आयोचा फेरीचा काळ सापडला, ४२ तास २७ मिनिटं ३३ सेकंद. गुणिले ४८, म्हणजे ८४ दिवस, २२ तास, २ मिनिटं. उशीर एक तास!

आकाशाच्या अॅपवरून अंतरं घेतली. पहिल्या वेळी गुरू ४.२८ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे सूर्य ते पृथ्वी अंतर) लांब, आता ५.३९. फरक १.११, म्हणजे सोळा कोटी साठ लाख किमी. भागिले एक तास... प्रकाशाचा वेग सेकंदाला ४६ हजार किमी. तीन लाख यायला हवा होता ना? घड्याळ मोबाइलचं आहे, ते तासभर चुकणार नाही. कण मला मिनिटभर उशिरा दिसला असेल, पन्नास मिनिटं नाही.

---

उगाच_काहीतरी · २५ एप्रिल, सकाळी ९:३०

डोंबिवलीत प्रकाशही गर्दीतूनच येतो. मेगाब्लॉक असेल.

---

शंकासुर · २५ एप्रिल, सकाळी १०:१४

फेऱ्या ४८ ऐवजी ४७ नसतील?

---

गच्चीवाला · २५ एप्रिल, सकाळी १०:२०

एक फेरी चुकली तर फरक बेचाळीस तासांचा पडेल हो, एक तासाचा नाही.

---

पंचांगवाले_काका · २५ एप्रिल, सायंकाळी ६:१०

मी पंचांगवाला, भौतिकशास्त्रात बोलायचा अधिकार नाही, पण एक विचारू का? आपला चंद्र नक्षत्रचक्र २७.३ दिवसांत पुरं करतो. अश्विनीतून निघाला की २७.३ दिवसांनी परत अश्विनीत. पण अमावास्या ते अमावास्या साडेएकोणतीस दिवस लागतात, कारण तेवढ्यात सूर्य पुढच्या राशीकडे सरकलेला असतो, चंद्राला त्याला गाठायला दोन दिवस जास्त चालावं लागतं. तिथी आणि नक्षत्र म्हणूनच जुळून चालत नाहीत.

तुम्ही आयोचं ग्रहण मोजताय. ग्रहण म्हणजे सूर्याचं काम, नक्षत्राचं नाही. गुरू सूर्याभोवती पुढे सरकला की त्याची सावलीही वळणार. नेटवरचा काळ नक्षत्राचा आहे की सावलीचा?

---

भौतिकमास्तर · २५ एप्रिल, सायंकाळी ६:५५

काका! साष्टांग!

मी सकाळपासून घड्याळाच्या चुका शोधत बसलो होतो. ४२ तास २७ मिनिटं ३३ सेकंद हा नाक्षत्र काळ आहे. ८५ दिवसांत गुरू सूर्याभोवती सुमारे ७ अंश सरकला, सावली तेवढीच वळली, आयोला दर फेरीत थोडं जास्त जावं लागलं. सावलीपासून सावलीपर्यंतचा काळ ४२ तास २८ मिनिटं ३६ सेकंद. फेरीमागे एक मिनिट आणि तीन सेकंद जास्त. गुणिले ४८, पन्नास मिनिटं! गच्चीवाले, तुमचा तास त्यात गेला.

---

गच्चीवाला · २५ एप्रिल, रात्री ८:०५

नवीन हिशेब: ४८ फेऱ्यांना ८४ दिवस, २२ तास, ५२ मिनिटं, ४८ सेकंद. माझं मोजमाप २३ तास २ मिनिटं. उशीर ९ मिनिटं आणि थोडे सेकंद!

सोळा कोटी साठ लाख भागिले नऊ मिनिटं, तीन लाखांच्या आसपास. मंडळी, मी प्रकाशाचा वेग मोजला! काका, पेढे कुठं पाठवू?

---

उगाच_काहीतरी · २५ एप्रिल, रात्री ८:१७

काका, जानेवारीतलं ते लग्नाचं बोलणं मागे घेतो.

---

दुर्बीणबहाद्दर · २५ एप्रिल, रात्री १०:४०

अभिनंदन, मनापासून. आता थोडं विरजण घालतो, रागावू नका.

तुम्ही वेग मोजला नाहीत. सोळा कोटी किमी हा आकडा तुम्ही अॅपमधून घेतला. खगोलीय एककाचे किलोमीटर आज अचूक माहीत आहेत ते मुख्यतः १९६१ पासून शुक्रावर रडार लहरी मारून, त्या परत यायला किती वेळ लागला ते मोजून. म्हणजे प्रकाशाच्याच वेगाने मोजलेलं अंतर घेऊन तुम्ही प्रकाशाचा वेग काढलात. शिवाय १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशावर बांधलेली आहे, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर हा आकडा आता मोजायचा उरलाच नाही, तो ठरवलेला आहे.

पण तुमच्या हातात जे आहे ते याहून अस्सल आहे. ४.२८ आणि ५.३९ ही एककं. ती काढायला किलोमीटर लागत नाहीत, केपलरची भूमिती पुरते, रोमरच्या काळीही ती होती. म्हणून तुम्ही खरं मोजलंत ते हे: सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचं अंतर कापायला प्रकाशाला किती वेळ लागतो. नऊ मिनिटं भागिले १.११, म्हणजे आठ मिनिटं आणि पाच-दहा सेकंद. तुमची मिनिटभराची चूक धरली तर सव्वासात ते नऊ मिनिटांच्या मधे कुठंतरी, त्यामुळे आठ मिनिटांच्या पुढच्या सेकंदांवर हुरळून जाऊ नका.

रोमरनेही एवढंच मोजलं होतं. त्याने किलोमीटरमध्ये वेग दिलाच नाही, लोक उगाच त्याच्या नावावर खपवतात. पहिला हिशेब हायगेन्सचा, १६९० मध्ये छापलेला, आजच्या मापात सेकंदाला सुमारे २,२०,००० किमी. सूर्य ते पृथ्वी हा वेळ रोमरच्या हिशेबाने ११ मिनिटं येत होता. पुढे ब्रॅडलीने १७२८ मध्ये ताऱ्यांच्या किंचित सरकण्यावरून तो ८ मिनिटं १२ सेकंदांवर आणला. खरा ८ मिनिटं १९ सेकंद. म्हणजे तुम्ही रोमरच्या पुढे आणि ब्रॅडलीच्या मागे. डोंबिवलीच्या गच्चीवरून हे कमी नाही.

---

तारामती · २६ एप्रिल, सकाळी ७:५०

जानेवारीत ३५ मिनिटांपूर्वीचा गुरू दिसत होता, आता जवळजवळ ४५ मिनिटांपूर्वीचा. मधली नऊ-दहा मिनिटं हीच ना तुमची?

---

गच्चीवाला · २६ एप्रिल, सकाळी ८:३०

हो ताई, हीच! हे मला तुम्ही लिहीपर्यंत दिसलंच नव्हतं.

बहाद्दर, विरजण मान्य. वेग नाही, वेळ. वहीत शीर्षक खोडून नीट लिहिलं.

आता गुरू रोज पश्चिमेला खाली जातोय. २९ जुलैला सूर्याच्या मागे जाईल, आणि तसंही जूनपासून आपल्याकडे ढग. पावसाळ्यानंतर तो पहाटे पूर्वेला उगवेल तेव्हा आपण त्याच्याकडे जात असू. मास्तरांची परतवारी. पुढची प्रतियुती १० फेब्रुवारी २०२७ ला आहे, त्याआधी आयो सावलीत शिरताना दिसेल, आणि तो लवकर शिरायला हवा. ते मोजल्याशिवाय काम अर्धंच.

डॉब्सोनियन मित्राला परत करायची होती, पण ती चौथ्या मजल्यावरून खाली न्यायला कुणी तयार नाही. त्याला म्हटलं, राहू दे दिवाळीपर्यंत. पहाटे पाचला गच्चीची किल्ली मिळवण्यासाठी मात्र सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज करावा लागणार. कारणाच्या रकान्यात काय लिहू, सुचवा.